न कुजणारी होडी

थेम्स नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे इंग्लंडच्या किनाऱ्यावर ली-ऑन-सी नावाचे गाव आहे. तिथल्या एसेक्स यॉट क्लबचे क्लबघर म्हणजे एक जुनी युद्धनौका आहे. तिचे नाव एचएमएस विल्टन. ती १९७३ मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झाली. काचेचे तंतू आणि रेझिन यांच्यापासून घडवलेली ती जगातली पहिली युद्धनौका. तिचे काम सुरुंग शोधून निकामी करण्याचे होते. चुंबकीय सुरुंग लोखंडाची चाहूल लागताच फुटतो, म्हणून लोखंडाशिवाय जहाज बांधणे ही तिथे जगण्यामरण्याची गरज होती. १९९४ मध्ये नौदलाने तिला निवृत्त केले. पोलादी जहाज निवृत्त झाले की भंगाराचे व्यापारी त्यावर बोली लावतात, कारण पोलाद वितळवून पुन्हा पोलाद करता येते. काच आणि रेझिनच्या अंगाला तसा भाव नसतो. पण विल्टनचे अंग अजून धडधाकट होते आणि त्याला दुसरे काम मिळाले.

प्रत्येक फायबरच्या होडीला असा क्लब भेटत नाही. गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत जगभर लाखो होड्या या साहित्यातून बांधल्या गेल्या. त्यांतल्या पहिल्या पिढ्या आता निवृत्तीला आल्या आहेत, आणि त्या कुजत नाहीत, गंजत नाहीत, वितळत नाहीत. कंपोझिट, म्हणजे तंतू आणि रेझिन यांचे असे जोडसाहित्य, समुद्रासाठी चांगले की वाईट, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. प्रश्न होडीच्या पूर्ण आयुष्याचा विचारावा लागतो. तिला घडवायला काय लागले, तिने किती वर्षे आणि किती काम केले, आणि शेवटी तिची जबाबदारी कोणी घेतली? यातला तिसरा प्रश्न बहुतेक देशांनी अनेक दशके विचारलाच नाही. या प्रकरणाचा भर त्याच प्रश्नावर आहे.

काच, रेझिन आणि साचा

काच सुमारे १४०० अंश सेल्सिअसला वितळवून बारीक छिद्रांतून ओढली की केसाहून पातळ तंतू मिळतात. या तंतूंची ताण सोसण्याची ताकद मोठी असते, पण सुटा तंतू वाकतो आणि निसटतो. त्याला जागच्या जागी धरून ठेवायला रेझिन लागते. अमेरिकेत १९३० च्या दशकात काचतंतू कारखान्यात मोठ्या प्रमाणावर होऊ लागले आणि त्याच दशकात पॉलिस्टर रेझिनही हाती आले. ही दोन साहित्ये एकत्र आणून ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये एक लहान शिडाची होडी बनवली. फायबरच्या होड्यांचा इतिहास बहुधा तिथूनच सांगितला जातो.

आजही लहान कारखान्यांतली पद्धत फारशी बदललेली नाही. साच्याला आतून मेण लावतात, त्यावर जेलकोटचा रंगीत थर देतात. मग काचतंतूंची मॅट आणि विणलेले रोव्हिंग यांचे थर अंथरत ब्रशने रेझिन भरतात आणि रोलर फिरवून आतली हवा काढतात. रेझिनमध्ये कॅटॅलिस्ट मिसळलेला असतो. काही वेळाने सगळे गरम होते आणि घट्ट बसते.

या घट्ट बसण्यातच पुढच्या सगळ्या प्रश्नांचे मूळ आहे. पॉलिस्टर, व्हिनाइल एस्टर किंवा इपॉक्सी रेझिन घट्ट होताना त्याचे रेणू एकमेकांना आडव्या-उभ्या बंधांनी जखडतात. भाजलेल्या भाकरीचे पुन्हा पीठ करता येत नाही, तसेच हे रेझिन तापवून पुन्हा पातळ करता येत नाही. तापवत नेले तर ते वितळत नाही, जळते. अशा प्लास्टिकला थर्मोसेट म्हणतात. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक थर्मोप्लास्टिक असते. ते वितळते, म्हणून त्याची बाटली गोळा करणाऱ्याला चार पैसे मिळतात. थर्मोसेटच्या होडीचे तुकडे उचलणाऱ्याला काहीच मिळत नाही.

कोळीवाड्यांनी फायबर का स्वीकारले

कोकणात होडी म्हणजे शतकानुशतके लाकूड. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा, बाहेरून तेल आणि डांबर लावायचे, दर हंगामाआधी होडी वर ओढून सुकवायची, खरवडायची आणि पुन्हा लेप द्यायचा. तरीही खारे पाणी आणि लाकूड पोखरणारे सागरी किडे आपले काम करतच राहतात. टेरेडो नावाचा प्राणी दिसतो किड्यासारखा, पण तो शिंपल्यांच्या कुळातला आहे. तो फळीच्या आत लांब बोगदे करतो, आणि बाहेरून फळी शाबूत दिसत असतानाच ती आतून पोकळ झालेली असते. त्यात चांगले लाकूड दुर्मिळ आणि महाग होत गेले. जाड, सरळ, जुने झाड मिळणे कठीण झाले.

केरळ आणि तमिळनाडूतही हेच घडत होते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने लाकडी होडीवर फायबरचा थर देण्याचे प्रयोग केले, तसेच प्रक्रिया केलेल्या रबराच्या लाकडापासून होड्या बनवून पाहिल्या. तिरुवनंतपुरममधल्या दक्षिण भारतीय मच्छीमार संघांच्या महासंघाने प्लायवूडच्या होड्या लोकप्रिय केल्या. मग २००४ ची त्सुनामी आली. हजारो मच्छीमारांचे कट्टुमरम आणि होड्या एका सकाळी गेल्या. मदत करणाऱ्या संस्थांना लवकर आणि मोठ्या संख्येने होड्या द्यायच्या होत्या. साच्यातून एकामागून एक काढता येणारी फायबरची होडी त्यासाठी सोयीची होती. कोरोमंडल किनाऱ्याचे रूप त्या दोन-तीन वर्षांत पालटून गेले.

या निवडीत मच्छीमारांची काही चूक नव्हती. फायबरची होडी हलकी असते, चार माणसे ती वाळूवर ओढू शकतात. ती गळत नाही. भोक पडले तर मॅट आणि रेझिनने एका दिवसात बुजते. झाड तोडावे लागत नाही. समुद्रावर पोट असणाऱ्या माणसासाठी हा सगळा प्रत्यक्ष फायदा आहे, आणि पर्यावरणाच्या हिशेबातही तो जमेच्या बाजूलाच धरला पाहिजे. कंपोझिटविषयी बोलताना त्याचे दोष आधी मोजणारे लेखन बरेचदा हे विसरते.

वजनाचा हिशेब

एक घन सेंटिमीटर पोलाद ७.८ ग्रॅम भरते. तेवढेच काचतंतूंचे कंपोझिट साधारण १.५ ते १.९ ग्रॅम भरते. होडी हलकी झाली की तेवढ्याच वेगाला लहान इंजिन पुरते आणि डिझेल कमी जळते. नौकेच्या वरच्या मजल्यांचे वजन कमी झाले तर तिचा तोल सुधारतो. भारतीय नौदलाच्या आयएनएस किल्तानची वरची बांधणी कार्बन तंतूंच्या कंपोझिटची आहे ती याच कारणासाठी. ती २०१७ मध्ये नौदलात आली. स्वीडनच्या विस्बी वर्गातल्या सुमारे ७३ मीटर लांबीच्या नौका तर संपूर्ण कार्बन तंतूंच्या सँडविच रचनेच्या, म्हणजे दोन थरांमध्ये हलका गाभा असलेल्या, आहेत.

हलकेपणाचा सर्वांत पटणारा नमुना केरळात पाहायला मिळतो. वैकोम आणि तवणक्कडव यांच्यामध्ये वेंबनाड सरोवर ओलांडणारी ‘आदित्य’ ही भारतातली पहिली सौर फेरी २०१७ मध्ये सुरू झाली. ती ७५ प्रवासी नेते आणि तिच्या छतावर सौर पट्ट्या आहेत. छतावर बसतील तेवढ्याच पट्ट्या लावता येतात, म्हणून ऊर्जा मोजकी मिळते. त्या मोजक्या ऊर्जेत दिवसभर फेऱ्या करायच्या, तर बोट हलकी आणि पाणी कमीत कमी ढकलणारी हवी. आदित्यची जोड-हलची (हल म्हणजे बोटीचे अंग) बांधणी फायबरग्लासची आहे. जड बोट त्याच पट्ट्यांवर एवढ्या फेऱ्या करू शकली नसती.

पण हलकेपणाला आधी किंमत मोजावी लागते. एक किलो काचतंतू बनवायला साधारण १५ ते ५० मेगाज्यूल ऊर्जा लागते. कार्बन तंतूचा आकडा २०० मेगाज्यूलच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. पॉलिॲक्रिलोनायट्राइलचा धागा आधी २०० ते ३०० अंशांवर हवेत तापवावा लागतो, मग प्राणवायूशिवाय हजार अंशांपलीकडे नेऊन त्याचा कोळसा करावा लागतो. या वाटेत धाग्याचे जवळपास निम्मे वजन उडून जाते.

म्हणून हलकेपणाचा फायदा होडी किती चालते यावर ठरतो. रोज फेऱ्या मारणारी प्रवासी बोट किंवा वर्षातले बहुतेक दिवस समुद्रात असणारी मासेमारी नौका, यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रदूषणाचा वाटा इंधनाचा असतो. तिथे वाचलेल्या प्रत्येक किलो वजनाचा फायदा पुढची वीस वर्षे मिळत राहतो. वर्षातून चार रविवारी निघणाऱ्या आणि उरलेला वेळ मरिनात बांधलेल्या यॉटला तसे म्हणता येणार नाही. तिचे प्रदूषण प्रामुख्याने ती घडताना आणि ती टाकून दिली जाताना होते. तिला महागडे कार्बन तंतू देणे हा पर्यावरणाच्या दृष्टीने तोट्याचा व्यवहार आहे.

दीर्घ आयुष्याचा नमुना गोव्यात आहे. दिवाड बेटावरच्या अक्वेरियस शिपयार्डने बांधलेल्या आयएनएसव्ही तारिणीचे हल लाकडाच्या गाभ्यावर फायबरग्लासचे थर देऊन केलेले आहे. २०१७-१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०२४-२५ मध्ये लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. यांनी दोघींनीच तीच नौका पुन्हा जगाभोवती नेली. दक्षिण महासागराच्या लाटा दोनदा सोसलेले हे हल आहे. नीट बांधलेले, नीट सांभाळलेले आणि भरपूर वापरलेले कंपोझिट हे समुद्रासाठी खरोखर चांगले साहित्य आहे.

‘नीट बांधलेले’ या अटीला वजन आहे. स्वस्त पॉलिस्टरच्या हलमध्ये जेलकोटमधून पाण्याचे रेणू हळूहळू आत शिरतात, आतल्या न जुळलेल्या रसायनांशी त्यांचा संयोग होतो आणि पृष्ठभागावर फोड येतात. फोड फोडला तर व्हिनेगरसारखा वास येणारा द्रव बाहेर येतो. बाहेरच्या थरांत व्हिनाइल एस्टर वापरले, हवा नीट काढली आणि होडी वेळोवेळी पूर्ण सुकवली, तर हा आजार बराच लांबणीवर पडतो. होडीचे आयुष्य दहा वर्षांनी वाढवणे म्हणजे एक नवी होडी दहा वर्षे पुढे ढकलणे. साहित्यातल्या कुठल्याही नव्या शोधाआधी हा उपाय करता येतो आणि तो सर्वांत स्वस्तही आहे.

कारखान्यातली हवा, खाडीतली धूळ

फायबरच्या होड्यांच्या शेडजवळ गेले की जो उग्र, गोडसर वास येतो तो स्टायरिनचा. पॉलिस्टर रेझिन पातळ ठेवायला आणि घट्ट करायला ते लागते. उघड्या साच्यात काम करताना ते हवेत उडत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरिनला माणसात बहुधा कर्करोग घडवू शकणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले. शेडमध्ये दिवसभर ब्रश घेऊन उभा राहणारा कामगार त्याचा पहिला वाटेकरी असतो. साचा पिशवीने झाकून, निर्वात करून रेझिन आत ओढण्याची पद्धत वापरली तर हा वास बराच आटोक्यात येतो. शिवाय रेझिन कमी लागते आणि अंग अधिक मजबूत होते. या पद्धतीला पंप, पिशव्या आणि शिकलेले हात लागतात. छोट्या कारखान्यांना त्यासाठी मदत देणे हे पर्यावरणाचे काम आहे आणि कामगारांच्या आरोग्याचेही.

दुसरा धोका दुरुस्तीच्या वेळी सुरू होतो. जुना थर काढायला ग्राइंडर चालतो आणि काच-रेझिनची बारीक धूळ उडते. तिने अंग खाजते, ती फुफ्फुसात जाते आणि भरतीबरोबर पाण्यात उतरते. पाण्यात तिचे काय होते, याचा शोध ब्रायटन विद्यापीठाच्या कोरिना चोकान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या चिचेस्टर बंदरात घेतला. २०२४ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. बोटींच्या कामाच्या यार्डाजवळच्या कालवांमध्ये दर किलोमागे ११,२२० पर्यंत, तर शिंपल्यांमध्ये २,७४० पर्यंत काचतंतूंचे कण सापडले. हिवाळ्यात होड्या वर काढून घासल्या जातात तेव्हा कणांचे प्रमाण वाढते, हेही दिसले.

कालवे आणि शिंपले पाणी गाळून अन्न मिळवतात, म्हणून पाण्यात जे तरंगते ते त्यांच्या पोटात जाते. कोकण आणि गोव्यात कालवं, शिनाणे आणि तिसऱ्या हा रोजच्या ताटातला घास आहे, आणि होड्यांची दुरुस्ती त्याच खाड्यांच्या काठावर उघड्यावर होते. इथे उपाय गुंतागुंतीचा नाही. घासकाम ओले करावे, खाली ताडपत्री अंथरावी, धूळ ओढून घेणारे यंत्र जोडावे आणि गोळा झालेला चुरा पोत्यात भरून ठेवावा. बंदर विभागाने दुरुस्तीची जागा ठरवून तिथे ही सोय केली, तर फरक एका हंगामात दिसेल.

शेवटाच्या वाटा

होडी निकामी झाली की आज तिच्यापुढे साधारण चार वाटा असतात. पहिली म्हणजे किनाऱ्यावर किंवा खाडीच्या चिखलात सोडून देणे. दुसरी म्हणजे खोल पाण्यात बुडवणे. तिसरी म्हणजे उघड्यावर जाळणे. जाळल्यावर काळा धूर निघतो आणि काचतंतू राखेत मोकळे होतात. चौथी म्हणजे कचरा डेपो. चारही वाटा निसर्गाच्या खात्यावर खर्च टाकतात. २०२० चे निसर्ग आणि २०२१ चे तौक्ते यांसारख्या चक्रीवादळांत होड्या फुटतात, तेव्हा हा प्रश्न एका रात्रीत किनाऱ्यावर येऊन पडतो.

तंत्रज्ञान काय देऊ शकते? सर्वांत सोपे म्हणजे चुरा करणे. हल कापून, दळून जी भुकटी मिळते ती काँक्रीटमध्ये किंवा नव्या प्लास्टिकमध्ये भर म्हणून घालता येते. पण दळताना तंतू तुटतात आणि त्यांच्यातली खरी ताकद निघून जाते. शिवाय चुना-दगडाची भुकटी याहून स्वस्त मिळते. दुसरी पद्धत म्हणजे प्राणवायूशिवाय तापवणे, म्हणजे पायरोलिसिस. सुमारे ४५० ते ७०० अंशांवर रेझिनचे वायू आणि तेल होते आणि तंतू उरतात. कार्बन तंतू महाग असल्यामुळे ते असे सोडवून घेणे परवडते, आणि त्यांची बरीच ताकदही टिकते. काचतंतूंचे तसे नाही. एवढ्या उष्णतेत त्यांची ताकद निम्म्याहून अधिक घटते, आणि नवा काचतंतू इतका स्वस्त आहे की जुना विकत घेणारा मिळत नाही. प्रयोगशाळेत जमलेली प्रत्येक गोष्ट बाजारात जमतेच असे नाही, हे काचतंतूंच्या बाबतीत फार स्पष्ट दिसते.

या पद्धतींपैकी आज मोठ्या प्रमाणावर चालणारी वाट सिमेंटच्या भट्टीतून जाते. कंपोझिटच्या चुऱ्यात साधारण दोन तृतीयांश भाग खनिजांचा आणि एक तृतीयांश भाग रेझिनचा असू शकतो. भट्टीत रेझिन इंधन म्हणून जळते आणि काचेतली सिलिका, चुना आणि ॲल्युमिना सिमेंटच्या कच्च्या मालात मिसळून जाते. मागे राख उरत नाही. पुनर्चक्रणाच्या कडक व्याख्येत हे फार वरचे नाही, कारण काचतंतू पुन्हा काचतंतू होत नाही. तरी डेपोत पुरण्यापेक्षा ते कितीतरी बरे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये थर्मोसेट आणि फायबर-रेझिन कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही याच वाटेवर भर आहे.

महाराष्ट्रात या वाटेवर एक भौगोलिक अडथळा आहे. सिमेंटच्या मोठ्या भट्ट्या चंद्रपूर जिल्ह्यात आहेत आणि होड्या सातशेहून अधिक किलोमीटरच्या कोकण किनाऱ्यावर, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या टोकाला. हल वजनाने हलके असते पण जागा प्रचंड अडवते. अख्खी होडी ट्रकवर चढवून नेणे म्हणजे हवा वाहून नेणे. म्हणून कापणे आणि चुरा करणे हे बंदराजवळच व्हायला हवे. फिरते कटर-यंत्र आळीपाळीने बंदरांवर नेले, तर एका ट्रकमध्ये अनेक होड्यांचा चुरा मावेल. ज्या वाहतुकीच्या खर्चापायी आज होडी चिखलात सोडली जाते, तो खर्च मग कितीतरी कमी होईल.

खर्च कोणाचा?

मोठ्या पोलादी जहाजांच्या मोडतोडीसाठी जगाने एक कायदा केला आहे. हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून लागू झाला. भारत २०१९ मध्येच त्यात सामील झाला होता, कारण अलंगच्या किनाऱ्यावर जगातल्या जहाजांचा मोठा वाटा तोडला जातो. पण हा करार ५०० टनांहून मोठ्या जहाजांसाठी आहे. मासेमारीच्या होड्या, गस्तीच्या नौका आणि यॉट त्यात येत नाहीत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१९ मध्ये फायबरच्या नौकांच्या शेवटाविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. समुद्रात बुडवण्याला पर्याय काय, हाच त्याचा विषय होता. प्रश्न जागतिक आहे हे त्यात मान्य झाले. उत्तर मात्र प्रत्येक देशाला स्वतः शोधावे लागते आहे.

युरोपीय संघात साठ लाखांहून अधिक विहार-नौका आहेत. दर वर्षी त्यांतल्या एक ते दोन टक्के आयुष्याच्या शेवटी पोहोचतात आणि त्यांतल्या फारच थोड्या रीतसर मोडल्या जातात. फ्रान्सने यावर २०१९ पासून वेगळा मार्ग धरला. तिथे विहार-नौका बाजारात आणणाऱ्या उत्पादकाला आणि आयातदाराला तिच्या शेवटासाठी वर्गणी भरावी लागते. त्या पैशांतून एक संस्था देशभर मोडणी केंद्रे चालवते. मालकाला होडी केंद्रापर्यंत नेण्याचा खर्च करावा लागतो, मोडणी मोफत होते. जपानने २००५ मध्येच फायबरच्या नौकांसाठी व्यवस्था उभी केली होती. तिथे चुरा सिमेंटच्या भट्टीत जातो, पण खर्च शेवटच्या मालकावर पडतो.

या दोन पद्धतींमधला फरक मोठा आहे. शेवटच्या मालकाने पैसे द्यायचे, तर खर्च अशा माणसावर येतो ज्याच्या हाती होडी सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी किमतीची असते. बहुतेक वेळा तो सर्वांत कमी पैसेवालाही असतो. त्याच्यापुढे होडी चिखलात सोडण्याचा मोह स्वाभाविक आहे. उत्पादकाकडून जन्माच्या वेळी घेतलेला वाटा किमतीत मिसळून जातो, आणि उत्पादकालाही मोडायला सोपी होडी बनवण्याचे कारण मिळते. माझ्या मते उत्पादकाकडून वाटा घेण्याची पद्धत न्याय्य आहे आणि टिकणारीही.

जन्मापासून बदल

मोडायला सोपे साहित्य आता कल्पनेत राहिलेले नाही. फ्रान्सच्या आर्केमा कंपनीचे एलियम हे रेझिन थर्मोप्लास्टिक आहे. ते पातळ असताना तंतूंत भरता येते, आणि नंतर उष्णतेने किंवा रसायनाने पुन्हा सोडवता येते. त्यापासून शर्यतीच्या शिडाच्या नौका बांधल्या गेल्या आणि यॉट बांधणाऱ्या बेनेटो कंपनीने २०२२ मध्ये फर्स्ट ४४ई ही यॉट आणली. पवनचक्कीची पातीही कंपोझिटची असतात आणि त्यांतली काही समुद्रात उभी असतात. जर्मनीच्या किनाऱ्यापलीकडे कास्कासी पवनशेतात २०२२ मध्ये ८१ मीटर लांबीची पाती बसवली गेली, त्यांतले रेझिन सौम्य आम्लात विरघळते आणि तंतू वेगळे होतात. सीमेन्स गमेसाच्या या पात्यांमागची रेझिन-प्रणाली मुंबईस्थित आदित्य बिर्ला समूहाची आहे. हे तंत्र भारताबाहेरच्या समुद्रात फिरते आहे, त्याचे मालक मुंबईत आहेत. ते आपल्या किनाऱ्यावरच्या होडीपर्यंत का पोहोचू नये?

तंतूंच्या बाजूने अळशीचे तंतू पुढे आले आहेत. फ्रेंच दर्यावर्दी रोलाँ जूर्दँ यांचे अळशीच्या तंतूंचे मोठे कॅटामरान २०२२ च्या अटलांटिक शर्यतीत उतरले. ब्रेमेनमधल्या एका कार्यशाळेने अळशीच्या होड्या बांधल्या. वनस्पतीचा तंतू वाढताना हवेतला कार्बन घेतो आणि काचेपेक्षा हलका असतो. पण त्याला पाणी लवकर लागते, म्हणून सगळी भिस्त बाहेरच्या थरावर राहते. सँडविचच्या गाभ्याचाही विचार करायला हवा. पात्यांच्या मागणीमुळे २०२० च्या आसपास इक्वेडोरमध्ये बाल्सा वृक्षांची बेसुमार तोड झाली. आता अनेक बांधणारे जुन्या बाटल्यांच्या प्लास्टिकचा फोम गाभ्यासाठी वापरतात. नैसर्गिक म्हणजे आपोआप चांगले, असे समजणे इथे महागात पडते.

भारतीय परंपरेतली शिवलेली नौका याच प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाने पाहते. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या पाचव्या शतकातल्या जहाजाच्या चित्रावरून प्रेरणा घेऊन गोव्यात आयएनएसव्ही कौंडिण्य बांधली गेली. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या, सांधे नारळाच्या काथ्याने आणि नैसर्गिक राळेने बुजवले. केरळच्या कारागिरांनी शिवणकाम केले. ही नौका २०२५ मध्ये कारवारला नौदलात आली. तिच्या फळ्या उलगडता येतात आणि तिचे लाकूड व काथ्या मातीत जाऊ शकतात. आजच्या मासेमारीसाठी ती व्यवहार्य नाही, पण होडी बांधताना तिची उलगड लक्षात ठेवता येते, हे ती दाखवून देते.

आपल्या किनाऱ्यासाठी

भारतात होड्यांची नोंदणी ऑनलाइन होते आणि प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून पारंपरिक मच्छीमारांना जुन्या होडीच्या जागी नवी घ्यायला अर्थसाहाय्य मिळते. या दोन गोष्टी एकत्र जोडल्या तर निम्मे काम होईल. नव्या होडीच्या अनुदानाचा शेवटचा हप्ता जुने हल बंदरावरच्या मोडणी केंद्रात जमा झाल्यावर मिळावा आणि तिथल्या पावतीने जुनी नोंदणी रद्द व्हावी. मच्छीमाराला जुने हल आणून देण्याचा मोबदला मिळावा, दंड नव्हे. त्या मोबदल्याचा पैसा होड्या आणि रेझिन विकणाऱ्यांच्या वर्गणीतून यावा. चक्रीवादळात फुटलेल्या होड्यांसाठी नुकसानभरपाईचा पंचनामा होतो, त्याच पंचनाम्यात मोडणीची जबाबदारीही नोंदवली जावी. सरकारी गस्ती-नौका आणि प्रवासी बोटींच्या निविदेत, तीस वर्षांनी ही बोट कशी मोडाल, हा प्रश्न अटीत असावा. सरकार मोठे गिऱ्हाईक आहे. त्याने विचारले की कारखाने उत्तर शोधतात.

काच आणि रेझिन यांनी किनाऱ्यावरच्या माणसाला स्वस्त, सुरक्षित होडी दिली. ती देणगी परत घेण्याचे कारण नाही. तिच्या किमतीत तिच्या शेवटाचा खर्च पहिल्या दिवशी मिळवला, तर हे साहित्य समुद्रासाठी योग्य ठरेल. तो मिळवला नाही, तर तो खर्च खाडी भरेल, आणि खाडीत कालवं काढायला उतरणारी बाई भरेल. हा निर्णय मंत्रालयात, बंदर विभागात आणि होड्यांच्या कारखान्यांत घ्यायचा आहे, आणि पहिल्या पिढीच्या होड्या किनाऱ्यावर येऊन पडत आहेत म्हणून तो आताच घ्यायचा आहे.